समोरच्या खिडकीतला कांदा

फ्रिजवाल्या काकांनी सगळी हयात लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात घालवली आणि त्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट बजावून सांगितली : चिरलेला कांदा फ्रिजमध्ये ठेवू नका. दूध ठेवा, औषधं ठेवा, सुनेनं सासूपासून लपवलेलं चॉकलेट ठेवा. पण कांदा ठेवलात तर चार दिवसांत तुमचं लोणीसुद्धा कांद्यासारखं वागायला लागेल. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि काका जिना उतरले की कांदा ठेवायची. पुढच्या खेपेला फ्रिजचं दार उघडताच काकांच्या नाकाला ते कळायचं, पण काका बोलत नसत. दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये काय सापडलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही आणि बिघाड नसेल तर बिघाड सांगायचा नाही, ही दोन पथ्यं त्यांनी पाळली. त्यामुळेच त्यांचं दुकान कधी मोठं झालं नाही.

घरी हा नियम बायकोनं निमूटपणे पाळला. निमूटपणे म्हणजे, "त्या फ्रिजच्या तब्येतीला जपता तेवढं मला जपलं असतंत तर" एवढं एक वाक्य अधूनमधून ऐकवून. रोज संध्याकाळी ओट्याशी, खिडकीसमोर उभी राहून ती रोजचा कांदा रोज चिरायची. मग ती गेली, आणि न मागता बढती मिळावी तसं स्वयंपाकघर काकांच्या गळ्यात पडलं. भात जमला, भाजी परतणं जमलं, अंडं तर पहिल्या दिवसापासून जमलं. कांदा जमेना. बायकोच्या सुरीखालून मोत्यांसारखे दाणे पडायचे. काकांच्या सुरीखालून जे पडायचं ते पाहून वाटावं, कांद्यानं पळून जायचा प्रयत्न केला असावा.

ती खिडकी डक्टमध्ये उघडायची. डक्ट म्हणजे दोन इमारतींमधली अरुंद फट. तिथून पाइप खाली जातात, कबुतरं वर येतात आणि कुणाच्या घरात काय करपलं ही बातमी सगळीकडे जाते. पलीकडे, बरोबर समोर, मेट्रनची खिडकी होती. मेट्रन इस्पितळातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली कोण जाणे, पण सगळे अजून त्यांना मेट्रनच म्हणत आणि त्या आवारातून चालत गेल्या की वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळे पोट आत घेऊन उभे राहत. त्याही एकट्याच राहायच्या.

काका आणि मेट्रन साधारण एकाच सुमाराला कांदा चिरायला घेत. बोलत मात्र कधी नसत. डक्टमध्ये उच्चारलेलं वाक्य तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येकाच्या घरात शिरतं, आणि दोन एकट्या माणसांनी "आज उकडतंय" म्हटलं तरी लोक त्यातून लग्नाची तारीख काढतात.

एकदा काकांचा कांदा नेहमीसारखा पाकळ्या पाकळ्या होऊन सैरावैरा झाला, तेव्हा समोरून सुरी फळीवर आपटल्याचा आवाज आला. टक, टक. काकांनी वर पाहिलं. मेट्रननी आपला अर्धा कांदा उचलून दाखवला, मुळाच्या टोकावर बोट ठेवलं आणि मान हलवली : हे आधी कापायचं नाही. मग त्यांनी काप घेतले, उभे, आडवे, सावकाश, समोरच्याला दिसतील असे, आणि मुळाचा भाग शेवटी बाजूला टाकून हात पुसले. काकांनी तसंच करून पाहिलं. कांदा जागेवर राहिला. सगळा दाणा फळीवर गोळा करून त्यांनी ती फळी खिडकीत उचलून धरली. मेट्रननी एकदाच मान डोलावली आणि त्या आपल्या कामाला लागल्या. अशी मान त्यांनी म्हणे मोठमोठ्या सर्जनांनासुद्धा जपून दिली होती.

तेव्हापासून काकांचा दिवस त्या अर्ध्या तासाकडे तोंड करून बसायला लागला. सकाळी कामवाली कुलपाच्या किल्लीसारखी येऊन फिरून जायची. दूधवाला पिशवी टाकायचा आणि बेल वाजवून पळायचा. टीव्हीतली माणसं काकांकडे पाहायची, पण ती सगळ्यांकडेच पाहतात. संध्याकाळी मात्र समोरची खिडकी उजळायची, एक माणूस आपल्यासारखंच काम काढून उभं राहायचं, आणि मधूनच मान वर करून काका आहेत ना, एवढं बघून घ्यायचं.

काकांची लेक परदेशात होती. तिची सकाळ आणि काकांची संध्याकाळ एकाच वेळी व्हायची, त्यामुळे तिचा फोन नेमका कांद्याच्या वेळी यायचा. काका फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचे. लेकीला त्यात बापाचं अर्धं तोंड, एक हात आणि दोन ओले डोळे दिसायचे.

"बाबा, रडताय?"

"कांदा आहे."

"दर वेळी कांदाच कसा असतो?"

"दर वेळी भाजीही असते ना."

मग एक दिवस लेकीनं तोडगा काढला. रोज उठून कांदा चिरायचा कशाला? एकदाच बसा, महिन्याचा चिरा, पिशव्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये टाका. लागेल तेवढा काढायचा, थेट कढईत. इकडे सगळे असंच करतात. वेळ किती वाचतो बघा. काका म्हणाले, तू फ्रिजवाल्याच्या पोटी जन्मलीस याची तरी लाज बाळग. लेक म्हणाली, आता घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या मिळतात, एकात एक अशा दोन वापरा, वासाचा प्रश्न येत नाही. काकांनी अजून दोनचार तांत्रिक अडचणी काढल्या. लेकीनं त्या खोडल्या आणि खोडताना ती साखरेच्या डब्यावरून थेट बापाच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. तिला वेळबीळ काही वाचवायचा नव्हता. तिला ते डोळे बघवत नव्हते. एवढं काकांना कळलं, आणि हयातभराचं तत्त्व त्यांनी एका फोनवर मोडीत काढलं.

रविवारी त्यांनी गोणी भरून कांदे घेतले. भाजीवालीनं विचारलं, पाहुणे यायचेत वाटतं. काका म्हणाले, नाही, वेळ वाचवायचाय. भाजीवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि दोन कांदे वरून घातले.

दुपारभर चिरकाम चाललं. पहिला घाणा काकांनी ओलाच पिशवीत कोंबला आणि फ्रीझर पार टोकाच्या थंडीवर नेला. रात्री बघतात तर त्याची वीट झालेली. लेकीला फोन केला तर ती हसत सुटली. आधी फडक्यावर कोरडा करायचा, ताटात एकेरी पसरायचा, दाणा दाणा सुटा गोठला की मग पिशवीत भरायचा, हवा दाबून काढायची आणि पिशवी आडवी, चपटी ठेवायची. चपटी वस्तू लवकर गोठते हे काकांनी शेकडो गिऱ्हाइकांना शिकवलं होतं. स्वतःच्या कांद्यावर वेळ आली तेव्हा नेमकं ते आठवलं नाही, याचं त्यांना मनातून वाईट वाटलं. ती वीट त्यांनी ओट्याच्या कडेवर आपटून फोडली. कंप्रेसर बदलताना एवढा जोर लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं रीतसर केलं. संध्याकाळी मेट्रन आपल्या वेळेला खिडकीत आल्या आणि समोरचा पिशव्यांचा ढीग बघून थबकल्या. काकांनी एक चपटी पिशवी काचेला लावून दाखवली. एक्स-रे बघावा तशा मेट्रन डोळे बारीक करून बघत राहिल्या, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेळ. मग दिवा मालवून गेल्या.

त्यानंतर काकांचा वेळ वाचायला लागला. मूठभर गोठलेला कांदा कढईत पडायचा, चर्र करायचा, तेल उडवायचा, बघता बघता भाजी तयार. काका जेवून उठायचे तेव्हा खाली पोरं अजून खेळत असायची. वाचलेल्या वेळेचं पुढं काय करायचं हे लेकीनं सांगितलं नव्हतं. पिशव्यांच्या पाकिटावरही तसं काही छापलेलं नव्हतं.

खिडकीशी जाऊन उभं राहावं असं त्यांना फार वाटायचं. पण कशाच्या जिवावर? हातात काम नसताना समोरच्या बाईच्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या पुरुषाला कुठंही एकच नाव असतं, आणि या वयात काकांना ते नको होतं. त्यांनी एकदा कप धुवायचं निमित्त काढलं. पण एक कप अर्धा तास धुता येत नाही. दुसऱ्या दिवशी नळ घासला. नळ इतका लखलखला की त्यात त्यांना आपलंच तोंड दिसायला लागलं, तेव्हा ते तिथून हलले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

कांदा संपल्याशिवाय खिडकी मिळायची नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी कांदा संपवायला घेतला. अंड्यात कांदा, बटाट्यात कांदा, भातात कांदा, कांद्यात कांदा. फ्रीझर काही हलेना. वॉचमनला एक पिशवी देऊ केली तर तो म्हणाला, काका, माझ्याकडे फ्रिज नाही. शेजारणीनं पिशवी दोन बोटांत धरली, उलटसुलट केली आणि "कधीचा आहे?" हे अशा आवाजात विचारलं की काकांनी ती परत घेऊन, चुकून तुमच्याकडे आलो, असं सांगितलं. फेकून द्यायचा विचारही मनात आला होता. पण फेकायला फ्रीझर उघडला की फ्रिजच्या तब्येतीचं बायकोचं ते वाक्य कानाशी यायचं, आणि ते आलं की आता त्याला उत्तर द्यायला समोर कुणी नाही हेही यायचं.

शेवटी त्यांनी सरळ जाऊन एक कांदा विकत घेतला.

"एकच?" भाजीवाली म्हणाली. "गेले वाटतं पाहुणे."

संध्याकाळी फळी मांडली, सुरीला धार लावली, दिवा लावला. समोरची खिडकी अंधारी होती. काकांनी कांदा सोलला. एवढ्या सावकाश कांदा कुणी सोलला नसेल. उभे काप घेतले, आडवे घेतले, मुळाचा भाग शेवटी बाजूला टाकला, सगळं शिकवल्याप्रमाणे. खिडकी अंधारीच. दुसऱ्या दिवशी आणखी एक कांदा आणला. तिसऱ्या दिवशीही. समोरची काच ओढून घेतलेली होती आणि तिच्या बाहेरच्या कडेवर कबुतर बसलं होतं, म्हणजे आत कुणी वावरत नव्हतं. कुणाला विचारायची सोय नव्हती. वॉचमनला विचारावं तर तो आधी विचारणार, तुम्हाला कशाला हवंय. आजारी असतील, कुणा नातलगाकडे गेल्या असतील. त्या गेल्या आणि आपल्याला कळलंही नाही, आणि कळावं असं आपलं नातं तरी कोणतं? कांदा ताजा होता, झोंबणारा होता. डोळ्यांतून पाणी आलं. फोन त्या वेळी लागलेला नव्हता, त्यामुळे कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

त्यानंतर एका सकाळी दारावर टकटक झाली. बेल असूनही टकटक. दारात मेट्रन उभ्या. काकांनी पहिल्यांदाच त्यांना सबंध पाहिलं, आणि त्या चांगल्याच बुटक्या निघाल्या.

त्यांनी आजारपणाची हकीकत सांगावी तशी थोडक्यात हकीकत सांगितली. फ्रिज दिवसरात्र घुमतोय, थांबतच नाही. कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणतो कंप्रेसर गेला, नवीन फ्रिज घ्या. तुम्ही अजून बघता का?

काकांनी किती वर्षांत कुणाचा फ्रिज बघितला नव्हता. "बघतो," ते म्हणाले आणि हत्यारांची पेटी शोधायला आत गेले. ती पलंगाखाली होती, जिथं ती नेहमीच होती, तरी त्यांना सापडायला वेळ लागला.

काठी लांबवली तर टेकेल अशा घरात जायला सगळे जिने उतरून, आवार ओलांडून, पुन्हा तितकेच जिने चढावे लागले. मेट्रनच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर काकांची नजर आधी खिडकीकडे गेली. खिडकीखाली एक लाकडी स्टूल होतं. त्यावर उभं राहून त्या इतके दिवस उंच दिसत होत्या तर. आणि पलीकडे काकांचं स्वतःचं स्वयंपाकघर दिसत होतं. लखलखीत नळ, भिंतीवर रिकामा खिळा, एकच ताट उपडं घातलेलं. आपलं घर बाहेरून असं दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पाठ फिरवली आणि पेटी उघडली.

फ्रिजला कान लावला. कंप्रेसर ठणठणीत होता. कागदाचा तुकडा दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि ओढला. खाली घट्ट बसला, वर फ्रीझरपाशी अलगद सुटून आला. मग त्यांनी फ्रीझर उघडला. आत बर्फाची दाढी वाढली होती, आणि दाढीमागं चपट्या पिशव्यांची थप्पी. एकात एक दोन दोन पिशव्या. हवा दाबून काढलेल्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि तारीख, इस्पितळातल्या रक्ताच्या नमुन्यावर असते तशी. आत दाणा दाणा सुटा कांदा, इतका एकसारखा की काकांना क्षणभर स्वतःच्या कांद्याची कीव आली. सगळ्यात वरच्या पिशवीचा एक कोपरा दारात येत होता. त्या फटीतून हवा आत जात होती, बर्फ धरत होता आणि मोटर बिचारी फिरत होती.

काकांना सगळं एकदम कळलं. खिडकी का अंधारी होती, तेही.

आता बोलायचं काय एवढंच उरलं होतं, आणि वाक्य अगदी जिभेवर तयार होतं. मेट्रन, कांदा फ्रिजमध्ये ठेवू नका. हयातभर प्रत्येक घरात म्हटलेलं वाक्य. तोंड उघडायचा अवकाश, मेट्रननी एकेक पिशवी संपवली असती, आणि महिन्याभरात संध्याकाळी समोरचा दिवा पुन्हा लागला असता. काकांनी तोंड उघडलं.

"काही बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "पिशवीचा कोपरा दारात येतोय. वरची एक कमी करा. फ्रिज अजून तुम्हाला पुरेल."

हे त्यांनी चांगुलपणानं सांगितलं असं म्हणता येणार नाही. बिघाड नसताना बिघाड सांगायची तोंडाला सवय नव्हती, एवढंच.

"म्हणजे चूक माझी," मेट्रन म्हणाल्या.

"फ्रिजची नाही, एवढंच म्हणतो मी."

त्यांनी बर्फ उतरवला, रबर कोमट फडक्यानं पुसलं, पिशव्या सरळ लावल्या आणि फ्रिज सुरू केला. मोटर घुमायला लागली. मेट्रननी विचारलं, झालं का? काका म्हणाले, अजून नाही. मोटर आपणहून थांबल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरातून निघायचं नाही, ही त्यांची जुनी पद्धत होती. त्या पद्धतीवर बायको फार चिडायची, कारण त्यापायी घरातली जेवणं थंड व्हायची.

मेट्रननी स्टूल पुढं केलं आणि स्वतः खुर्ची घेतली. चहा झाला. मोटर घुमत होती. इतके दिवस मधे एक डक्ट असायचा आणि हातात सुरी असायची.

"संध्याकाळी तुमची खिडकी अंधारी दिसली," मेट्रन शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, लेकीकडे गेलात."

"इथंच होतो."

"मग?"

"कांदा चिरलेला होता ना."

मेट्रननी कपातलं उरलंसुरलं पाहिलं. "माझाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "वेळ मात्र खूप वाचतो."

"खूप," काका म्हणाले.

काका मोटरचा आवाज ऐकत होते. हयातीत पहिल्यांदाच, एखादी मोटर थांबू नये असं त्यांना वाटत होतं. पण फ्रिज चांगला होता आणि दुरुस्तीही चांगली झाली होती. मोटर एक हलका धक्का देऊन थांबली. घर इतकं शांत झालं की नळाचा एक थेंब पडलेला दोघांना ऐकू आला. काका उठले.

मेट्रननी पैसे विचारले. काकांनी आता घेत नाही म्हणून सांगितलं. फुकटचं काम आपल्याला चालत नाही, असं मेट्रननी त्यांच्या इस्पितळी आवाजात बजावलं आणि इकडंतिकडं पाहून, ती वरची, जागा न उरलेली पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. कांदा संपवायला निघालेला माणूस हातात कांदा घेऊन, बोटं गारठवत, सगळे जिने उतरला आणि आवार ओलांडून सगळे जिने चढला. वॉचमननं पिशवीकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. आपल्याला पुन्हा देतात की काय, अशी भीती त्याला वाटली असावी.

काकांच्या फ्रीझरमध्ये त्या पिशवीला जागा नव्हती. जागा करता आली असती, पण त्यांनी ती केली नाही. संध्याकाळपर्यंत ती त्यांनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्यामागं दडवून ठेवली. मग नेहमीच्या वेळेला दिवा लावला, फळी मांडली आणि मेट्रनचा कांदा तिच्यावर ओतला. तो अजून अर्धामुर्धा गोठलेला होता आणि इतका बारीक होता की त्यात सुरीला करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. काकांनी सुरी घेतली आणि चिरायला सुरुवात केली.

समोर दिवा लागला. कुणीतरी स्टुलावर चढलं. तिकडच्या काचेतून फळी दिसली, फळीशेजारी चिकटपट्टी लावलेली एक पिशवी दिसली. थोड्या वेळानं तिकडूनही आवाज यायला लागला. टक, टक, टक. गोठलेल्या कांद्यावर सुरीचा आवाज जरा जास्तच होतो, आणि तो डक्टमधून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेला असणार. दोघांपैकी कुणीच मान वर करून बघितलं नाही. चिरलेला कांदा चिरायचा तर लक्ष फार द्यावं लागतं.

फोन वाजला. काकांनी तो साखरेच्या डब्याला टेकवला.

"काय करताय, बाबा?"

"कांदा चिरतोय."

"फ्रीझरमधला संपला?"

"नाही. त्यातलाच चिरतोय."

पलीकडं लेक फोनजवळ सरकून बापाच्या ओल्या डोळ्यांकडे बघायला लागली. गोठलेल्या कांद्यानं डोळ्यांना पाणी येत नाही, हे तिनंच त्यांना सांगितलं होतं. काकांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी बोटानं फोन हळूच दुसऱ्या बाजूला वळवला. मग बराच वेळ तिला फक्त साखरेचा डबा दिसत राहिला, आणि मागून सुरीचा आवाज येत राहिला, एकदा जवळून, एकदा जरा लांबून.